हिरव्या रिसॉर्टचा हजेरीपट

जंगलाकाठच्या रिसॉर्टचं पर्यावरणप्रेम तपासायचं असेल तर आधी त्याचा हजेरीपट मागावा, असं माझं मत आहे. सौर दिवे, कागदी स्ट्रॉ, लाकडी टूथब्रश हे सगळं नंतर. हजेरीपटावर कोणत्या गावची नावं आहेत, जुलै ते सप्टेंबर त्या नावांपुढे काय लिहिलंय, आणि मालकाच्या वहीत नसलेली किती नावं ठेकेदाराच्या वहीत आहेत, एवढं पाहिलं की त्या रिसॉर्टचं आजूबाजूच्या जंगलाशी खरं नातं काय ते बरंचसं कळतं.

विदर्भातलं ग्रामीण पर्यटन म्हणजे मुख्यतः वाघ. ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. मेळघाट हा व्याघ्र प्रकल्पाच्या अगदी पहिल्या फळीतला. पुढे पेंच, नवेगाव-नागझिरा, बोर, आणि व्याघ्र प्रकल्प नसूनही गर्दी खेचणारी उमरेड-पवनी-कऱ्हांडला नि टिपेश्वर ही अभयारण्यं. चिखलदरा, लोणार, शेगाव यांची तऱ्हा वेगळी. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत खेड्यातल्या शेतजमिनीवर खोल्या उभ्या राहिल्या त्या वाघाच्या जोरावर. मोहर्ली, कोलारा, खुर्सापार, सिल्लारी ही सफारीच्या गेटांची नावं आज पुण्या-मुंबईच्या माणसालाही पाठ झालीत. कोणत्या गेटला कोणती वाघीण पिल्लं घेऊन फिरतेय, हेही त्याला ठाऊक असतं. त्याच्या खोलीत रोज चादर कोण बदलतं, हे मात्र त्याला माहीत नसतं, आणि त्यात त्याचा फारसा दोषही नाही. ते दिसू नये अशीच या धंद्याची रचना आहे.

कोअरची, म्हणजे जंगलाच्या राखीव गाभ्याची, गेटं १ जुलैला बंद होतात आणि १ ऑक्टोबरला उघडतात. ताडोबाच्या बफरमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात, पावसाळ्यातही फेऱ्या चालतात, पण पाहुणा तुरळक. मग जूनच्या शेवटी बऱ्याच ठिकाणी एकच निरोप दिला जातो: ऑक्टोबरात या. खोल्यांना कुलूप लागतं, दोन-तीन राखणदार उरतात, बाकीचे घरी. आता घरी गेलेला माणूस तीन महिने करतो काय? जुलैत धानाची रोवणी असते. हाताला काम मिळतं, बायकांना जास्त. पण रोवणी तीन-चार आठवड्यांत उरकते. तिथून धान कापणीला येईपर्यंतचा काळ पूर्व विदर्भात फार अवघड. त्या दिवसांत माणूस जंगलात जातो. सात्या (रानातल्या अळंब्या) काढायला, वास्ते (बांबूचे कोवळे कोंब) तोडायला, सरपण आणायला, गुरं चारायला. हे सगळं पूर्वापार चालत आलंय आणि त्यावर त्याचा हक्कही आहे. पण ज्या बफरमध्ये आज वाघ दाट झालेत, तिथे पोटासाठी दबकत फिरणाऱ्या माणसांत कालपर्यंत पाहुण्यांचा चहा नेणाराही असतो, हे ध्यानात घ्यायला हवं. नऊ महिने तो पर्यटनाच्या पोशाखात असतो आणि पर्यटन त्याला 'संवर्धनाचा भागीदार' म्हणतं. उरलेले तीन महिने तो वनखात्याच्या नजरेत 'दबाव' होतो. माणूस तोच असतो.

म्हणून बारमाही रोजगार ही मला पर्यावरणाची पहिली अट वाटते. मालक मंडळी म्हणतील, तीन महिने धंदा नाही, पगार कुठून काढायचा? प्रश्न रास्त आहे, म्हणून हिशेबच मांडून पाहू. वीस खोल्यांचं रिसॉर्ट, तीस कामगार, महिना पंधरा हजार पगार धरू. (एवढा मिळतोच असं मी म्हणत नाही, हिशेबापुरता धरतो.) पावसाळ्यात अर्धा पगार द्यायचा म्हटलं तर तीन महिन्यांचे होतात पावणेसात लाख. आता हंगामाचे २७० दिवस, आणि खोल्या सरासरी निम्म्याच भरल्या असं धरा. खोली-रात्री होतात २७००. म्हणजे एका खोलीमागे एका रात्रीला २५० रुपये. पीएफ आणि विमा जमेस धरला तरी तीनशेच्या आतच. जिप्सीचं भाडं, गाइडची फी, गेटचं शुल्क आणि खोलीचं बिल मिळून दोन दिवसांत वीस-पंचवीस हजार सहज मोजणाऱ्या पाहुण्याला हे तीनशे जड जाणार नाहीत. त्या अर्ध्या पगारात महिन्याचे बारा-तेरा दिवस काम घ्यावं. छपरं शाकारायची, टाक्या धुवायच्या, आवारातलं रायमुनियाचं (घाणेरीचं) रान उपटायचं, देशी झाडांची रोपं करायची, ज्याला पक्ष्यांची नावं किंवा इंग्रजी बोलणं शिकायचंय त्याला शिकवायचं. कामाची कमतरता नाही. कमतरता आहे ती तो माणूस पुढच्या वर्षीही आपलाच आहे असं मानण्याची.

व्यवस्थापनशास्त्रात यावर बरंच लिहिलं गेलंय. 'हरित मनुष्यबळ व्यवस्थापन' असं त्याला म्हणतात. २०१३ साली रेनविक, रेडमन आणि मॅग्वायर या तिघांनी या विषयाचा मोठा आढावा घेतला, तो आजही पायाभूत मानतात. त्यांची मांडणी सोपी आहे. कामगाराला पर्यावरणाचं काम करता यावं यासाठी क्षमता हवी, करावंसं वाटावं अशी प्रेरणा हवी, आणि करू दिलं जाईल अशी संधी हवी. मांडणी मला पटते. अडचण एवढीच, की ती वाचून आपल्याकडचा मॅनेजर थेट क्षमतेवर उडी मारतो. ५ जूनला सगळ्यांना अंगणात उभं करायचं, कुणीतरी पाहुणा बोलावून ओला कचरा-सुका कचरा समजवायचा, रोप हातात देऊन फोटो काढायचा, झालं प्रशिक्षण. ज्या बाईनं जन्मभर विहिरीतून पाणी शेंदलं तिला पाणी जपून वापरायचं व्याख्यान ऐकावं लागतं, तेही जकुझी असलेल्या व्हिलाच्या अंगणात!

क्षमता गावात आहे. उणीव आहे संधीची. एक साधं उदाहरण घ्या. पलंगाशेजारी कार्ड ठेवलेलं असतं: टॉवेल खुंटीला टांगला तर आम्ही समजू की तुम्हाला तो पुन्हा वापरायचा आहे, पाणी वाचवायला मदत करा. या कार्डावर कोणती वाक्यं लिहावीत याचे रीतसर प्रयोग झालेत. २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की 'पर्यावरण वाचवा' म्हणण्यापेक्षा 'बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात' असं लिहिलं तर जास्त लोक ऐकतात. छान. आता आपल्याकडची खोली पाहा. पाहुण्यानं शहाण्यासारखा टॉवेल टांगलाय. खोली आवरायला आलेली बाई तो काढते नि धुण्याच्या ढिगात टाकते. का? कारण सुपरवायझर खोली तपासताना टॉवेलची घडी पाहतो, कार्ड पाहत नाही. वापरलेला टॉवेल खोलीत सापडला तर बोलणी तिला. अशाच एका बाईंना मी विचारलं, की तीन दिवस राहणाऱ्या माणसाची चादर रोज कशाला धुता? त्या म्हणाल्या, "मी तं रोजच पायतो भाऊ, कोरी चादर धुवाले जाते. कोनी इचारलं तं सांगीन ना. कोनी इचारतच नाही."

एसीचंही तसंच. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि वाघ पाणवठ्यावर दिसतो म्हणून पाहुणाही नेमका तेव्हाच येतो. तो सकाळच्या सफारीला गेला की खोली रिकामी. पण परत येईल तेव्हा खोली गार हवी म्हणून एसी आधीपासून चालू ठेवायचा हुकूम असतो. रूमबॉयला कळत नाही असं नाही. बंद करायची मुभा त्याला नाही. ही वीज येते कुठून? २९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र त्याच जिल्ह्यात आहे. कोळसाही इथलाच, पाणी इरई धरणाचं. त्या धरणाचा फुगवटा मोहर्लीच्या अंगाला. म्हणजे पाहुणा ज्या पाण्याकडे बघून मोकळा श्वास घेतो त्याच पाण्यावर त्याचा एसी चालतो. खोल्यांचं वीजबिल दर महिन्याला कामगारांसमोर ठेवलं, बचतीतला चौथा हिस्सा त्यांच्यात वाटायचा असं ठरवलं, आणि रिकाम्या खोलीतला एसी बंद करण्याचा अधिकार रूमबॉयला दिला, तर कुठल्याही सल्लागाराच्या अहवालापेक्षा जास्त वीज वाचेल, अशी माझी खात्री आहे. मात्र मग मॅनेजरनं पाहुण्याची कुरकुर पाच मिनिटं सोसायला हवी.

प्रेरणेची गोष्ट याहून गंभीर आहे, कारण तिथे चुकीची प्रेरणा थेट वाघाच्या वाटेत आडवी येते. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावच्या बाजूला एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे जिप्सींच्या गराड्यात अडकले. पुढून गाड्या, मागून गाड्या. त्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. चालक आणि गाइड निलंबित झाले, दंड झाला. व्हायलाच हवा होता, नियम त्यांना माहीत होते. पण गाडी का घातली, हा प्रश्न तेवढ्यावर सुटत नाही. गाइडची फी ठरलेली, चालकाची रोजी मालकाच्या मर्जीवर. वरची कमाई बक्षिसीची. वाघ दिसला तर पाचशेची नोट, नाही दिसला तर 'थँक्यू'. शिवाय रिसॉर्टवाल्याचा फोन: काल ज्यानं साइटिंग दिलं त्यालाच उद्या पाठवा. हीदेखील कामगिरी मोजायची आणि बक्षीस द्यायचीच पद्धत आहे, कुणी लेखी ठरवली नाही म्हणून तिला तसं म्हणत नाहीत एवढंच. माणसाच्या अर्ध्या मिळकतीची चावी वाघाच्या जवळ जाण्यात ठेवायची आणि मग तो जवळ गेला की एकट्या त्यालाच धरायचं, यातून शिस्त लागत नाही.

यावर उपाय नाही असं नाही. बक्षिसी हातात न घेता गेटवर सामायिक पेटीत घ्यावी आणि महिन्याअखेर सगळ्या गाइड-चालकांत फेऱ्यांच्या प्रमाणात वाटावी. वाघापासून अंतर राखलं, रांग मोडली नाही, आवाज केला नाही, याची नोंद गेटवर व्हावी आणि पुढच्या वर्षीची वेतनश्रेणी त्यावर ठरावी. पाहुण्याला सुरुवातीलाच सांगावं, की गाइड तुम्हाला जंगल दाखवायला आहे. काही चांगले गाइड कुसुमाची पालवी, अस्वलानं ओरबाडलेलं मोहाचं खोड, सांबराचा इशारा यांवर दोन तास असे रंगवतात की वाघाची आठवण होत नाही. पण आज त्यांच्या या विद्येला दर नाही.

रिसॉर्टवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांची तक्रार ठरलेली असते: गावातली पोरं टिकत नाहीत, सण आला की पळतात, इंग्रजी येत नाही, म्हणून बाहेरून माणसं आणावी लागतात. यात तथ्य आहे. मेळघाटात होळी आली की कोरकू माणूस कामावर दिसणार नाही. कामासाठी दूर गेलेलाही त्या दिवसांत गावी परततो, कारण त्याचा वर्षातला सगळ्यात मोठा सण तो, आणि पुढे फगवा. शहराच्या कॅलेंडरात मात्र होळी म्हणजे जोडून आलेल्या सुट्या, खोल्या तुडुंब. मग वाद होतो, पगार कापला जातो, पोरगा दुसऱ्या दिवशी येतच नाही, आणि मॅनेजर म्हणतो, बघा, सांगितलं होतं. आता विचार करा, मुंबईतल्या एखाद्या कार्यालयात दिवाळीला सगळे गावी गेले तर त्याला कुणी 'पळाले' म्हणतं का? तिथे सुट्यांचं कोष्टक जानेवारीतच भिंतीवर लागतं. मेळघाटातल्या हॉटेलानं होळीचा आठवडा धरूनच पाळ्या लावाव्यात, निम्म्याच खोल्या विकाव्यात, किंवा त्या आठवड्यापुरती अमरावती-परतवाड्याची माणसं आणावीत. ताडोबाकडे तेंदूपत्त्याचे दिवसही तसेच. मे महिन्यातल्या त्या पंधरवड्यात घरातल्या सगळ्यांचे हात लागतात आणि रोख पैसा मिळतो. आपला पगार त्या पैशाला तुल्यबळ नसेल तर माणूस तिकडे जाणारच. त्यावर राग काढून काय होणार?

इंग्रजीचं निमित्त मला तितकंसं पटत नाही. नॅचरलिस्ट, फ्रंट ऑफिस, शेफ, मॅनेजर बाहेरचे, आणि झाडलोट, भांडी, धुणं, बाग, राखण गावाची, ही वाटणी धंद्याच्या पहिल्या वर्षी समजण्यासारखी होती. दहाव्या वर्षीही ती तशीच असेल तर मध्ये कुणी कुणाला शिकवलंच नाही, असा अर्थ होतो. आणि या वाटणीचा पर्यावरणाशी संबंध नाही असं समजू नका. स्वयंपाकी कुठला ठेवलाय यावर भाजीची गाडी कुठून येते ते ठरतं. बाहेरच्या शेफला ढोबळी मिरची, पनीर, मशरूम लागतं आणि ते नागपूरच्या कॉटन मार्केटमधून येतं. गावची बाई मुख्य स्वयंपाकी असेल तर अंबाडी, वास्ते, बांधावरची तूर, तळ्यातले मासे पानात येतील आणि पैसा चार कोसांच्या आतच फिरेल. आज 'वऱ्हाडी थाळी' मेनूकार्डावर असते आणि ती ज्यांच्या घरची ती माणसं मागच्या मोरीवर भांडी घासत असतात.

भांड्यांवरून आठवलं. रात्रीचं जेवण आटोपून पाहुणे शेकोटीभोवती बसतात. (शेकोटीचं लाकूड कुठून येतं, हे कुणी विचारत नाही.) साडेदहाला भांडी संपतात आणि ती घासणारी बाई सायकल काढते किंवा पायी निघते. गाव तीन-चार किलोमीटर. दोन्ही बाजूला झुडपी जंगल. पाहुण्याला अंधारात खोलीपासून जेवणघरापर्यंत सोडायला टॉर्च घेऊन माणूस असतो, कारण आवाराच्या मागे टाकलेल्या उष्ट्याला रानडुकरं येतात आणि डुकरांमागे बिबट येतो. त्याच बिबट्याच्या वाटेनं ही बाई घरी जाते. चंद्रपूर जिल्ह्यात वाघ-बिबट्याच्या हल्ल्यात माणूस गेला नाही असं अलीकडे वर्ष नाही. असं काही झालं की गाव चिडतं, वनखात्याची गाडी अडवली जाते, वाघाला जेरबंद करण्याची मागणी होते. कामगाराला घरी पोचवणाऱ्या एका गाडीचा खर्च वाचवायचा आणि त्याची किंमत त्या बाईनं मोजायची, वाघानंही मोजायची. कामगारांच्या ने-आणीची गाडी नसलेल्या रिसॉर्टला मी पर्यावरणपूरक म्हणणार नाही, मग त्याच्या छतावर कितीही पॅनेलं असोत.

राखणाऱ्याला दूर ठेवून काही राखता येत नाही, हा धडा पूर्व विदर्भानं एकदा मोठ्या किमतीला घेतलाय. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले मालगुजारी तलाव, म्हणजे आपले मामा (माजी मालगुजारी) तलाव, गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं बांधले. पाळीची भगदाडं कुणी बुजवायची, गाळ कधी काढायचा, पाणी कुणाच्या बांधीत आधी जायचं, या कामांना माणसं बांधलेली होती. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि ती माणसं त्या व्यवस्थेतून सुटली. तलाव गाळानं भरत गेले. मालगुजारीचे गोडवे मी गाणार नाही, वेठ तिच्यातही होती. पण पाणी राखायचं तर ते राखणाऱ्याचा त्यात काहीतरी वाटा लागतो, एवढं त्या गाळातून दिसतं. शेगावच्या संस्थानातल्या स्वच्छतेचं कौतुक करताना लोक हाच दाखला उलट्या बाजूनं देतात: पाहा, पाळीपाळीनं येणारे सेवेकरी विनामोबदला किती मनापासून झाडतात! खरंय, पण तिथे भक्ती आहे. रिसॉर्टच्या मालकानं कामगाराकडून भक्तीची अपेक्षा करू नये, पगार द्यावा.

आता सरकार. राज्याच्या २०२४ च्या पर्यटन धोरणात दहा वर्षांत एक लाख कोटींची गुंतवणूक आणि १८ लाख रोजगार असं उद्दिष्ट आहे. त्यातला एकेक रोजगार वर्षातले किती महिने, ठेक्याचा की कायम, हे विचारलं गेलं पाहिजे. नऊ महिन्यांच्या कामाला पूर्ण रोजगार मोजायचं असेल तर तसं लिहावं. गुंतवणुकीवर सवलत मागणाऱ्या रिसॉर्टनं बारमाही कामगारांची गावनिहाय यादी द्यावी, ही अट घालायला कुणाची हरकत असू नये. जागतिक शाश्वत पर्यटन परिषदेच्या निकषांतही स्थानिक रोजगार आणि कामाच्या न्याय्य अटी आहेतच. माहितीपत्रकात मात्र फक्त सौर दिव्यांचा फोटो छापला जातो.

नवा कायदाही लागत नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं कोअरमधलं पर्यटन काही काळ थांबवलं होतं. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली. कोअरच्या २० टक्क्यांहून जास्त क्षेत्रात पर्यटन नको, हे त्यातलं कलम सगळ्यांना आठवतं. त्याच तत्त्वांत प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक सल्लागार समिती सांगितली आहे. परिसरातल्या पर्यटन सुविधांवर लक्ष ठेवताना या समितीनं काय पाहायचं, त्याची यादीही आहे: पर्यावरण मंजुरी, क्षेत्र, मालकी, बांधकामाचा प्रकार आणि कर्मचाऱ्यांची संख्या. म्हणजे हजेरीपट मागायचा अधिकार २०१२ पासून कागदावर आहे. समितीनं त्या तक्त्यात आणखी चार रकाने आखावेत: कर्मचाऱ्याचं गाव, वर्षातले कामाचे महिने, पगार मालकाकडून की ठेकेदाराकडून, आणि रात्री घरी जायला गाडी आहे की नाही. भरलेला तक्ता दर १ ऑक्टोबरला गेटवर लावावा, सफारीच्या दरपत्रकाशेजारी.